चहा पिऊन येतो

भागरथाबाईंनी आयुष्यात कोणाला माफ केलं असेल, तर ते माझ्या कानावर आलेलं नाही. रक्त मात्र त्यांनी भरपूर दिलं. आणि ते देताना त्यांच्या मनात दया, माया, पुण्य असलं काही नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. त्यांच्या दंडाला पट्टा बांधणारी मीच असायची.

माझी सगळी नोकरी गोंदियातल्या एका रक्तपेढीत गेली. रक्त देणारी माणसं तऱ्हेतऱ्हेची असतात. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला येणारे, हातात सुई असताना फोटो काढून घेणारे. शिबिरात टिफिनचा डबा भेटवस्तू आहे म्हणून दोनदा रांगेत उभे राहणारे. एक गृहस्थ बायकोशी भांडण झालं की यायचे, कारण रक्त देऊन घरी गेलं की त्यांना शिरा मिळायचा. पुण्य मिळवायला येणारेही होते, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण सूड म्हणून रक्त देणारी बाई मी एकच पाहिली. ती जवळच्या मुर्री गावची भागरथाबाई.

नव्याण्णव सालचा उन्हाळा होता. पावसाळ्याआधी आमच्याकडे छपरावरचे कवेलू फेरतात, म्हणजे फुटकी कौलं काढून नवी लावतात. भागरथाबाईंचा नवरा गणपत आपल्या थोरल्या भावाच्या, सोमाजीच्या छपरावर चढला होता. स्वतःच्या नव्हे, भावाच्या. वासा मोडला आणि गणपत खाली आला. बाहेरून खरचटलं तेवढंच, पण पोटात रक्तस्राव होत होता. इस्पितळात आणला तेव्हा आमच्या फ्रिजमध्ये त्याच्या गटाची एकच पिशवी होती, ती लगेच गेली. आणखी हव्या होत्या.

बरोबर सोमाजी होते आणि त्यांची दोन जवान पोरं, दिलीप आणि मुन्ना. मी तिघांचे गट तपासले. सोमाजींचा आणि दिलीपचा जुळला. मी दोन खाटा तयार केल्या, पिशव्या काढल्या. सोमाजी म्हणाले, "मॅडम, जरा चहा पिऊन येतो. रिकाम्या पोटी नको." मी म्हटलं, या लवकर. त्यांच्यामागे दिलीप गेला. बराच वेळ झाला तेव्हा मुन्ना म्हणाला, "मी बलावून आनतो," आणि तोही गेला.

भागरथाबाईंनी हात पुढे केला. "मंग माहं घ्या."

त्या काळी आम्ही निळ्या द्रावणात थेंब टाकून पाहायचो. बोटाला टोचून रक्ताचा थेंब त्या निळ्या पाण्यात सोडायचा. रक्त कसदार असेल तर थेंब तळाला जातो, पातळ असेल तर वर तरंगतो. भागरथाबाईंचा थेंब तरंगला. सगळ्यांचं वाढून झाल्यावर भांड्यात उरेल ते खाणाऱ्या बाईचा थेंब दुसरं काय करणार! मी म्हटलं, "तुमचं घेता येणार नाही." दारात जाऊन रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. रिकामी पिशवी हातात घेऊन त्यांच्यामागे मीही उभी होते. आमचा शिपाई इस्पितळासमोरच्या टपऱ्या धुंडाळून आला. तिघे सायकली काढून केव्हाच मुर्रीला पोचले होते.

दुपारी गणपत गेला.

पावसाळा संपल्यावर एका सकाळी भागरथाबाई रक्तपेढीच्या दारात टोपली उतरवून उभ्या. टोपलीत पालक, चवळई, आंबाडी. घरामागच्या तुकड्यात पिकवलेली भाजी त्या आता गोंदियाच्या बाजारात विकत होत्या. आत येऊन त्यांनी बोट पुढे केलं. "थेंब पाहा माहा."

"कोणाला द्यायचं आहे?"

"कोनाले नाही. पाहून राहिली फक्त."

थेंब वर राहिला. त्या निळ्या पाण्याकडे त्यांनी असं पाहिलं, की ते पाणी मी उकिरड्यावर फेकून दिलं असतं तरी त्यांचा राग गेला नसता. बाजाराच्या दिवशी वाटेत थांबून थेंब पाहून जायचा, हा मग त्यांचा नेमच झाला. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, ही कोण? मी म्हटलं, माझी पाहुणी आहे.

त्या खायला लागल्या. टोपलीतली चांगली जुडी आधी स्वतःला ठेवायच्या, उरलेली विकायच्या. गूळ, शेंगदाणे, मोहरीच्या पाल्याची भाजी, बुधवारी मटण. गावात बायका म्हणायच्या, नवरा मेला आणि हिच्या जिभेला चव आली. भागरथाबाई म्हणायच्या, "हो, आली." पुढचा खुलासा त्यांनी कोणाला दिला नाही. मला दिला, तो थेंब पहिल्यांदा तळाला गेला त्या दिवशी. त्या नळीकडे वाकून पाहत होत्या. "बुडाला!" असं त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की पलीकडच्या खाटेवरचा पोरगा घाबरून उठून बसला.

"आता सांगतो तुमाले," त्या म्हणाल्या. "त्याइच्या घरच्या एकेकाच्या अंगात माहं रगत घालीन. मंग पाहू कोठी पळून जातेत. घरातून पळता येते, गावातून पळता येते. आपल्या अंगातून थोडीच पळता येते?"

"आणि मग माफ कराल?"

"कायले? रगत देईन, माफी नाही देनार."

आम्ही रक्तपेढीत चहा-बिस्किट द्यायचो. भागरथाबाई बिस्किटं पदरात बांधायच्या आणि कप परत सरकवायच्या. गणपत गेला त्या दिवसापासून त्यांनी चहा सोडला होता. कोणाच्या घरी गेल्या आणि कोणी चहाला विचारलं, तर म्हणायच्या, "आमच्या घरचे चहाले गेले हायेत. ते आले का घेईन." मुर्रीत सोमाजीचं घर आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एकच भिंत, तीही कमरेइतकी. हे वाक्य भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्या बोलायच्या.

पण एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर भागरथाबाई कळणार नाहीत. सोमाजी त्यांचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्याच्यासमोर खाटेवर बसत नाही, त्याचं नाव घेत नाही आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. बोलायचंच असेल तर तिसऱ्या माणसाला सांगायचं. भागरथाबाईंनी यातला एकही नियम मोडला नाही. सूड घेतला तो पदर कपाळापर्यंत ओढून, 'दिलीपचे बाबा' असं अदबीनं म्हणून.

पहिली संधी दिलीपच्या बायकोच्या बाळंतपणात आली. रक्त गेलं होतं आणि ड्यूटीवरच्या सिस्टरनी नेहमीसारखं सांगितलं होतं, "ब्लड के बदले ब्लड लाओ." दिलीप समोरच्या टपरीवर बसला होता. भागरथाबाई बाजारातून तशाच आल्या. टपरीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दिलीप, चहा झाला काय?" त्यानं भरलेली बशी तशीच खाली ठेवली, असं टपरीवाल्यानं मला नंतर हसत सांगितलं. मग त्या वर आल्या, त्यांचा थेंब तळाला गेला, रक्त दिलं. कोपराच्या लवणीत कापूस तसाच ठेवून वॉर्डात गेल्या आणि सुनेच्या खाटेजवळ जमिनीवर बसल्या. हात गुडघ्यावर लांब पसरला, कापूस सगळ्यांना दिसेल असा. सोमाजी आले तेव्हा त्यांनी पदर ओढला, पण हात झाकला नाही. संध्याकाळपर्यंत तशाच बसून होत्या.

मुर्रीच्या विहारात एकदा जयंतीला रक्तदान शिबिर होतं. आम्ही तिकडे खाटा घेऊन गेलो. तरुण पोरांनी भागरथाबाईंना गाठलं. त्यांनी विचारलं, "कोनाले जाईन माहं?" पोरं म्हणाली, "कोनालेबी, ज्याले लागन त्याले." "मंग नाही," त्या म्हणाल्या. तिथे भन्तेजी होते. त्यांनी जवळ बसवून घेतलं, मैत्री आणि करुणा यावर शांतपणे दोन शब्द सांगितले. भागरथाबाईंनी वाकून वंदन केलं आणि म्हणाल्या, "भन्तेजी, तुम्ही करुना वाटा. माहा राग माह्यापाशी राहू द्या. तो मलेच पुरत नाही." भन्तेजी हसले. सोमाजी मांडवाच्या खांबाला टेकून ऐकत होते, ते काही हसले नाहीत.

सोमाजींना कळून चुकलं होतं की ही बाई आपल्या आजारपणाची वाट पाहते आहे. ते जपायला लागले. छपरावर चढणं बंद, मोटारसायकलवर मागे बसणं बंद, मिरची बंद. गावात पोरं त्यांना चिडवायची, "काका, जपा बाप्पा, भागरथाकाकीचा थेंब बुडून राहिला." एवढं जपूनही एके दिवशी त्यांना रक्ताची उलटी झाली. पोटात जुना व्रण होता, तो फुटला. आणलं आमच्याकडेच. शुद्धीवर होते आणि एकच बोलत होते, "तिचं सोडून कोनाचंबी द्या."

दिलीपनं मुन्नाकडे पाहिलं, मुन्नानं दिलीपकडे. फ्रिजमध्ये त्या गटाच्या पिशव्या होत्या म्हणून सोमाजींचं अडलं नाही, पण बदल्यात रक्त देणारं घरातलं कोणी पाहिजे होतं. भागरथाबाई दारात उभ्या होत्याच. पिशवी भरताना मूठ त्या इतक्या जोरात आवळत होत्या की मला सांगावं लागलं, "अहो, हळू."

मग मला घेऊन त्या वॉर्डात गेल्या, कारण बोलायला तिसरं माणूस पाहिजे. सोमाजींना पिशवी लागलेली होती. भागरथाबाई पदर ओढून पायथ्याशी उभ्या राहिल्या, पिशवीकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "मॅडम, त्याइले विचारा, जड तं नाही वाटून राहिलं?"

सोमाजींनी डोळे मिटले.

"त्याइले सांगा, हे वांझोट्या बाईचं रगत हाय. पोरंसोरं नाही याच्या मागं. याले कोठीच जायाचं नाही. आता इथंच राहीन."

सोमाजी बरे झाले, पण नुसते शरीरानं. अंगाला खाज सुटली तरी म्हणायचे, तिचं रगत चावून राहिलं. ताप आला तरी तेच. भिंतीवरून भांडण झालं आणि त्यांनी आवाज चढवला, की पलीकडून भागरथाबाई चुलीला सांगायच्या, "म्हना त्याइले, रगत तापवू नका. तुमचं नाही ते." सोमाजी बोलता बोलता थांबायचे आणि घरात जायचे. लोक हसायचे. मीही हसायचे. पण मला ठाऊक होतं की भागरथाबाईंना पाहिजे होतं ते अजून मिळालेलं नाही. त्यांना सोमाजींच्या तोंडून दोन शब्द ऐकायचे होते, 'मी पळालो.' इतक्या वर्षांत सोमाजी गावाला सांगत आले होते की डॉक्टरांनीच उशीर केला, आम्ही तर चहा पिऊन येतच होतो.

मग आमच्याकडे एक नवे डॉक्टर आले. तरुण, गोड बोलणारे. भागरथाबाई एवढ्या वेळा रक्त देतात म्हणून त्यांनी कौतुकानं बोलावून घेतलं आणि समजावून सांगितलं, की आई, तुमचं रक्त त्याच माणसाला जात नाही बरं का, तपासून साठवून ठेवतात, ज्याला गरज असेल त्याला देतात. तुमच्या रक्तानं कितीतरी अनोळखी लोकांचे जीव वाचले असतील!

भागरथाबाई तडक माझ्या टेबलाशी आल्या. "खरं हाय काय?"

"खरं आहे."

"त्याइच्या अंगात माहं रगत नाही?"

"नाही."

"मंग कोनाले गेलं?"

मी सांगितलं, कोणाला गेलं असेल ते. अपघातातला ट्रक ड्रायव्हर. कोणी बाळंतीण. सालेकसा तालुक्यातून येणारी सिकलसेलची पोरं, त्यांना वरचेवर रक्त लागतं.

"मी तं त्याइले ओळखतबी नाही!" त्या ओरडल्या. "त्याइनं माहं काय बिघडवलं होतं?" मग खुर्चीवर बसल्या आणि कितीतरी वेळ फ्रिजकडे पाहत राहिल्या. कोणी आपलं शेत परस्पर दुसऱ्याच्या नावावर करून टाकावं तसा चेहरा झाला होता. शेवटी म्हणाल्या, "त्याइले माहीत हाय काय हे?"

"सोमाजींना? नाही."

"मंग राहू द्या."

मला वाटलं, आता ही बाई येणार नाही. चार-पाच महिन्यांनी पुन्हा दारात टोपली. घरचं कोणी आजारी नव्हतं. "घ्या," त्या म्हणाल्या. "कापूस त्याइले दिसला पायजे. बंद केलं तं म्हनतीन, थकली." सुई काढताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते सालेकशाकडचं एखादं पोट्टं येते काय आता?" मी म्हटलं, येतात ना. त्या म्हणाल्या, "हं," आणि बिस्किटं पदरात बांधून गेल्या. पुढे नियमाप्रमाणे वय झालं तेव्हा त्यांचं रक्त घेणं मी बंद केलं. त्या घरूनच कोपराला कापूस लावून अंगणात बसायच्या, असं मुर्रीचे लोक सांगत.

त्यानंतर दोनेक वर्षांनी त्यांच्यावरच वेळ आली. गर्भाशयात गाठ, ऑपरेशन, अंगात रक्त नाही. निळं द्रावण अजून कपाटात होतं. त्यांनी हट्ट धरला म्हणून मी थेंब टाकला. तो वर तरंगला. त्या म्हणाल्या, "घ्या, आलं परत जुन्या घरी."

दुपारी दिलीप आणि मुन्ना माझ्या दारात उभे. दोघेही आता पोटं सुटलेले, केस पिकायला लागलेले. मागे काठी टेकत सोमाजी. दिलीप म्हणाला, "काकीसाठी द्याचं हाय." मी दोघांना ताबडतोब खाटेवर झोपवलं आणि पिशव्या भरेपर्यंत दारात खुर्ची टाकून बसले. चहाला कोणी गेलं नाही.

मग सोमाजी मला म्हणाले, "चाला मॅडम, तिच्याकडं. तुमी पायजे मधात."

बायकांचा वॉर्ड भरलेला होता. भागरथाबाईंना पिशवी लागली होती. सोमाजींना पाहताच त्यांनी मोकळ्या हातानं पदर ओढला. सोमाजी खाटेपासून दूर उभे राहिले आणि माझ्याकडे पाहून बोलले. "तिले सांगा मॅडम, तिचं रगत माह्या अंगात, माह्या पोराइचं आता तिच्या अंगात. फिटलं म्हना. मरताना मले मोकळं मरू दे."

पदराआडून आवाज आला. "त्याइले सांगा, इथं ज्याचं त्याले देत नाहीत. पोराइचं रगत फ्रिजात गेलं. कोनाले जाईन कोनाले माहीत. मले दुसऱ्याचंच लागलं हाय. काही नाही फिटलं."

सोमाजींना ते समजायला वेळ लागला. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "मंग मॅडम... तिचं बी माह्या अंगात नाही?"

वॉर्डात सगळ्या बाया आमच्याकडे पाहत होत्या. भागरथाबाई बोलण्याच्या भरात घसरल्या होत्या, आणि ते त्यांनाही कळलं होतं. पदराखालून त्यांचे डोळे माझ्यावर खिळले.

"तेव्हा पद्धत वेगळी होती," मी म्हटलं. "तेव्हा ज्याचं त्यालाच जायचं."

पांढरा कोट घालून एवढं बेधडक खोटं मी कधी बोलले नव्हते. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. रिकामी पिशवी हातात घेऊन त्या दिवशी दारात मीही उभी होते.

सोमाजी खाली वाकल्यासारखे झाले. "मंग काय पायजे तिले? विचारा, काय पायजे?"

भागरथाबाई उठून बसल्या. पदर डोक्यावरून खाली आला. त्यांनी तो पुन्हा घेतला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या भासऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलल्या.

"तुमाले माहीत हाय, दिलीपचे बाबा."

सोमाजी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं."

"मी पळालो," सोमाजी म्हणाले.

"मोठ्यानं बोला. या बायाइले ऐकू जाऊ द्या."

"मी पळालो! मले भेव लागलं, मी पळालो. पोराइले बी मीच घेऊन गेलो. गनपत माह्याच घराच्या छपरावरून पडला होता." काठी हातातून सुटली. दिलीपनं ती उचलून दिली, पण बापाकडे पाहिलं नाही.

"काय म्हनून गेले होते?"

"चहा पिऊन येतो म्हनलो होतो."

"मंग?" भागरथाबाई म्हणाल्या. "माहा चहा कोठी हाय?"

सोमाजी गेले. एकटेच गेले, पोरांना हातानं थांबवून. बऱ्याच वेळानं ते आले, हातात कागदी कप, अर्धा चहा वाटेत सांडलेला. कप त्यांनी खाटेजवळच्या कपाटावर ठेवला आणि बाहेर व्हरांड्यात खिडकीशी जाऊन उभे राहिले.

भागरथाबाई चहाकडे पाहत राहिल्या. सतरा-अठरा वर्षं त्यांनी तो तोंडाला लावला नव्हता. वर साय धरायला लागली.

"ते गेले काय, मॅडम?"

"नाही. खिडकीत आहेत. इकडेच बघताहेत."

"मंग फेका."

"आता?"

"आता. ते पाहून राहिले तवाच."

मी कप उचलला, खिडकीकडे पाहिलं आणि मोरीत ओतला. सोमाजी काठी टेकत व्हरांड्यातून निघून गेले. मला वाटलं, झालं, आता हे मुर्रीला पोचतील. भागरथाबाई उशीला टेकून दाराकडे बघत होत्या, त्या दिवशी रस्त्याकडे बघत होत्या तशाच.

काठीचा आवाज परत आला. दारात सोमाजी होते, घामानं भिजलेले, हातात दुसरा कप.

भागरथाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. कप कपाटावर ठेवला जाईपर्यंत थांबल्या, मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "हाबी फेका, मॅडम. पाहू तं, कितीक डाव परत येतेत."